कडेची नजर

“रंजीता, तुही सासू कडंची फुलं सोडून राह्यली वं. मोहाखाली समोरची तेवढी वेचते. पाह्य जरा तिच्या डोळ्याकडं.”

धुरपताबाई हे सांगत आली तेव्हा रंजीता अंगणात लेकीला, चंचलला भरवत होती. धुरपता शेजारची, सासूची जन्माची मैत्रीण, आणि दुसऱ्याच्या टोपलीत डोकावायची तिला भारी हौस. रंजीता बी.ए. झालेली, पोरीला शिंक आली तरी धानोऱ्याचा दवाखाना गाठणारी. पण त्या दिवशी ती नुसती हसली. “वय झालं बाई. कंबर वळत नसन.”

मग एका सकाळी सासूनं, गुणाबाईनं, चुलीवरचा उकळत्या पाण्याचा गंज उतरवला आणि ती वळली. चंचल तिच्या कोपराशी उभी होती. गंज पोरीच्या खांद्यावर आदळला, पाणी जमिनीवर सांडलं. पोरीच्या पायावर थेंब उडाले तेवढेच, पण रंजीतानं धावत येऊन तिला उचललं.

“आई, एवढी जवळ होती ना ती!”

“दिसली नाई वं मले. पोरीची आण, दिसली नाई.”

रंजीताला धुरपताचं बोलणं आठवलं. ती सासूच्या बाजूला जाऊन उभी राहिली, हात पुरेल इतकी जवळ. “आई, मान नका वळवू. मी कुठी आहो?”

गुणाबाई समोर बघत राहिली. “आता तं इथीच होती. गेली का?”

चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात डोक्याचा फोटो निघाला. मेंदूच्या तळाशी गाठ होती. दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथं एकत्र येतात, तिथं ती खालून दाबत होती. म्हणून समोरचं दिसायचं आणि दोन्ही कडा मावळत चालल्या होत्या. गाठ नाकावाटे काढायची होती. नसांना धक्का लागला तर उरलेली नजरही जाईल, डॉक्टर म्हणाले. त्यासाठी नसांवर पहारा ठेवायचा: मिटल्या डोळ्यांवर दिवा लुकलुकवायचा, डोक्याच्या मागे तारा चिकटवायच्या. डोळ्यांकडून मेंदूला निरोप पोचतोय तोवर यंत्रावर रेघ उठत राहील. रेघ खचली की हात थांबवायचा.

“पूर्ण काढायच्या नादात डोळे गेले तर?” रंजीतानं विचारलं.

डॉक्टरांनी गुणाबाईकडे पाहिलं. ती म्हणाली, “थोडी राह्यली तं राहू द्या ना, साहेब. पोरीचं तोंड दिसलं पायजे.”

चंचलला निकेशपाशी, तिच्या बापापाशी गावी ठेवून रंजीता सासूबरोबर राहिली. सोबतीला धुरपता. सांगितल्याप्रमाणे रंजीतानं ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सासूचे केस शॅम्पूनं धुतले. सकाळी गुणाबाईला आत नेलं. भूल देण्याआधी रेघ एकदा तपासायची होती.

थोड्या वेळानं रेघेचं यंत्र सांभाळणारी संघप्रिया बाहेर आली. तिचा चेहरा पाहूनच रंजीता उठली.

“रेघ उठत नाही, ताई. एक तर तारा धरत नाहीयेत, नाही तर नसा...” तिनं वाक्य अर्धंच सोडलं. “केसांना काही लावलं होतं का? चिकट लागतात. स्पिरिटनं पुसलं, तरी निघत नाही.”

“नाही हो. मी स्वतः धुतले.”

“मग डॉक्टर आज थांबायचं म्हणतात. पहाऱ्याशिवाय ते हात लावणार नाहीत.”

थांबायचं म्हणजे गाठ तोवर दाबतच राहणार.  रंजीतानं धुरपताकडे पाहिलं. धुरपता पदराला हात पुसत होती. मघापासून पुसतच होती.

“बाई, तुम्ही काही लावलं?”

“मी कायले लावू? मले का अक्कल नाई?”

रंजीतानं तिचा हात ओढून नाकाशी नेला. टोरीचा, मोहाच्या बियांच्या तेलाचा, उग्र वास.

धुरपताचा आवाज फुटला. “तू चहा आणाले गेली तवा. कोरड्या केसानं बाई मयतीलेच निघते वं! एवढ्या मोठ्या कामाले तशी कशी धाडू तिले?”

रागवायला वेळ नव्हता. रंजीता संघप्रियाकडे वळली. “ताई, हे तेल गारठ्यात तुपासारखं गोठते. स्पिरिटनं पसरन फक्त. गरम पाणी अन् बेसन पायजे.”

“बेसन? इथं?”

“आणतो मी!” म्हणत धुरपता कॅन्टीनकडे पळालीसुद्धा.

रंजीताला टोपी-झगा घालून आत घेतलं. सासूचं डोकं हातावर तोलून ती बेसन आणि गरम पाण्यानं केसांची मुळं चोळत राहिली. गुणाबाई कुरकुरली, “भजे तळतं का माह्ये?” रंजीताला हसू आलं नाही. तेल निघेल, पण नसाच विझल्या असतील तर?

डोकं पुसलं, तारा पुन्हा चिकटवल्या, दिवा लुकलुकला. पडद्यावरची रेघ सपाट. संघप्रियानं एक तार दाबून धरली. मग एक बारीक उंचवटा उठला, पुन्हा उठला.

“बारीक आहे,” डॉक्टर म्हणाले, “पण आहे. करूया.”

मग बंद दार. धुरपता भिंतीकडे तोंड करून बसलेली, आणि रंजीता दाराच्या मुठीवर नजर लावून. दुपार कलली तेव्हा डॉक्टर आले. “मध्ये एकदा रेघ पार खाली गेली. हात काढला, कोमट पाणी सोडलं, वाट पाहिली. परत आली. पण नसेला चिकटलेला तुकडा तसाच ठेवलाय. त्यावर पुढे लक्ष ठेवू.”

“अन् नजर?”

“जाग्या झाल्या की कळेल.”

गुणाबाई शुद्धीवर आली. डॉक्टर समोर बसले. “माझ्या नाकाकडे बघा.” त्यांनी बाजूला बोट हलवलं. उत्तर नाही. बोट आत, नाकाकडे सरकत गेलं. 

“हालते,” गुणाबाई म्हणाली. “बोट हालते. अन् ते धुरपता काऊन रडून राह्यली? मी मेली का?”

समोरची नजर शाबूत होती. कडेची किती परतेल, हे डॉक्टरही आज सांगू शकत नव्हते.

तेव्हापासून रंजीता भेटेल त्याला एकच गोष्ट सांगते, ती तुम्हालाही. घरातलं कुणी चौकटीला खांदे घासत असेल, बाजूला ठेवलेलं ताट लवंडत असेल, तर वयावर ढकलू नका. आजच त्यांच्यासमोर बसा. तुमच्या नाकाकडे बघायला सांगा, दोन्ही कडांना बोट हलवा, आणि विचारा, दिसतं का? नाही म्हटलं तर दवाखान्यात न्या.