एका विटेने अरुंद

भाटवेळमधलं एक माणूस कमी झालं की दवाखान्याची एक वीट कमी होते. कोणी मेलं की होते, कोणी नोकरीला बाहेर गेलं की होते. तांडेलांची दोन पोरं एकदम कुवेतला गेली त्या आठवड्यात औषधांचं कपाट दारातच अडकलं. तेव्हापासून सिस्टर कपाटावरून चढून आत जायच्या.

म्हणून यंदाच्या सर्व्हेत गावच्या आशाताईने, प्रभा कुबलने, बाहेर गेलेले सगळे घरीच आहेत असं लिहिलं. हे तिला खोटं वाटलंच नाही. इथल्या कुठल्याही आईला विचारा, पोरगा कुठे असतो. ती म्हणणार, "घराकच आसा. कामाक तेवढो मुंबैक गेलो."

दवाखाना रात्रीतून रुंद झाला. कपाट सुटलं.

सकाळी ती सगळी माणसं दवाखान्यासमोर रांगेत उभी होती. तीनशे बारा. प्रत्येकाच्या हातात नंबर.

आणि त्याच सकाळी प्रभाच्या मुलीला, संपदाला, कळा सुरू झाल्या. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आली होती. अँब्युलन्सवाला फोनवर म्हणाला, निघालोय. तासाभराने पुन्हा केला, तेव्हाही तो निघालेलाच होता.

"सरका रे," प्रभा म्हणाली. "हिका कळा येतत."

"नंबर लाव काकी," तांडेलांचा हेमू म्हणाला. नऊ वर्षांत त्याने गावात पाय ठेवला नव्हता.

"तुका काय झालाहा?"

"काय नाय. पण नंबर आसा. तूच लिवलंस ना माका?"

सिस्टर आतून ओरडल्या, "ताई, सर्व्हेच्या वहीत नाव असलं तरच रांग मोडता येते!"

प्रभाने वही उघडून संपदाचं नाव लिहिलं. शाई उमटली नाही. पुन्हा लिहिलं, कागद फाटला. माहेरवाशीण सासरी मोजलेली असते.

संपदाने कुंपणाची काठी धरली होती. "आये, लवकर गे."

मग प्रभाने हेमूचं नाव खोडलं. हेमू गेला. वर टक् झालं, एक वीट गेली. रांग एक पाऊल पुढे सरकली.

तिने दुसरं खोडलं. तिसरं. पानंच्या पानं. घराघरांतून आया धावत आल्या. "प्रभे, माझ्या विनयाक नको गे! मेले, तुझ्या हातात काय किडे पडले?" प्रभाने मान वर केली नाही. टक्, टक्, टक्. रांग आखडत गेली आणि दवाखानाही.

शेवटी एकच उरला. तिचा नंदन. अकरा वर्षांनी तिला तो एवढ्या जवळून दिसत होता. कानाशी केस पांढरे झाले होते.

"आये, माका घराकच ठेव."

"बहीण बघ तुझी."

"बघतंय. तरी ठेव."

तिने खोडलं.

दार आता दीड वीत उरलं होतं. संपदाने आडवं होऊन डोकं घातलं, एक खांदा घातला, दुसरा घातला. पोट अडकलं. आतून सिस्टरांनी तिची मनगटं धरली. बाहेरून प्रभाने खांदा लावला. उंबरा ओला झाला.

"आता थांबू नको," सिस्टर आतून म्हणाल्या. "जोर लाव."

दोघी मायलेकींनी एकदम लावला.