चेस्टनटखालचा माणूस

"वही सापडली का? निळ्या पुठ्ठ्याची?" डोनलकाकांनी दारातच विचारलं. मग आठवल्यासारखं म्हणाले, "आणि तू कशी आहेस, क्षितिजा?"

बाबांना जाऊन अकरा दिवस झाले होते. मी इंगोलश्टाटहून सुट्टी टाकून हायडेलबर्गला त्यांचं घर आवरायला आले होते. अर्ध्या वस्तू खोक्यांत, अर्ध्या जमिनीवर. वही माझ्या पर्समध्ये होती.

"कुठली वही?" मी म्हणाले.

ते आत आले. बाबांच्या खुर्चीवर न बसता शेजारच्या स्टुलावर बसले आणि तपकिरी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. बाबांनी तीस वर्षं विद्यापीठाच्या प्रयोगशाळांसाठी काचेची नळकांडी फुंकली. डोनलकाका त्याच इमारतीचे हाउसमाइस्टर, गळक्या नळापासून किल्ल्यांपर्यंत सगळं बघणारे. दोघं रोज एका टेबलावर डबा खायचे. निवृत्तीनंतर दर सोमवारी कॉफी.

वही मी सकाळीच चाळली होती, आणि तेव्हापासून मला धड चहासुद्धा गेला नव्हता. दर रविवारची तारीख आणि खाली बाबांचं बारीक अक्षर. 'नूला आली. केस कापलेत.' 'नूला पडली. उठली. डावा गुडघा.' अडुसष्ट वर्षांचा माणूस दर रविवारी कुणा तरुण मुलीला बघायला जात होता, आणि फोनवर मला सांगत होता, "अगं, जरा नदीकाठी पाय मोकळे करून येतो." वहीत माझं नाव कुठे आहे का, ते मी आधी शोधलं होतं. नव्हतं.

"नूला कोण?" मी एकदम विचारलं.

"माझी मुलगी. आईकडे हॅनोव्हरला वाढली, तीन वर्षांपूर्वी इथे शिकायला आली." ते थांबले. "म्हणजे वही तुझ्याकडेच आहे."

"बाबा तिला बघायला का जायचे?"

"मी पाठवायचो. ती रग्बी खेळते असा मला संशय होता. मी रग्बीच्या मैदानावर पाय ठेवणार नव्हतो."

"खेळली तर काय बिघडलं?"

"तुला नाही कळायचं. आयर्लंडमधलं माझं गाव म्हणजे चर्च, शाळा आणि आमच्या देशी गेलिक फुटबॉलचं मैदान. रग्बी इंग्रजांची. एकाहत्तरपर्यंत नियमच होता. रग्बी नुसती बघितलीस तरी क्लबातून बाहेर. त्यासाठी माणसं नेमलेली असायची. टोपी डोळ्यांवर ओढून गेटशी उभं राहायचं, आपलं कोण आत गेलं ते लिहून आणायचं. माझा बाप त्यातला एक. एका रविवारी त्यानं माझ्या थोरल्या भावाचं नाव लिहिलं."

"स्वतःच्या मुलाचं?"

"गेनाऊ, अगदी त्याचंच. भाऊ लिव्हरपूलला निघून गेला, तो बापाच्या मातीलाही आला नाही." त्यांनी टोपीची कड चाचपली. "आता त्याच गावात दर शनिवारी रग्बी शिकवतात. पोरं तिकडे पळतात. आमच्या टीमला पंधरा डोकी जमवायची तर शेजारच्या गावाकडे मागावी लागतात. फेब्रुवारीत तर डब्लिनच्या आमच्या सगळ्यांत मोठ्या मैदानावर रग्बी झाली. मी टीव्ही बंद केला."

"बाबा काय सांगायचे तुम्हाला?"

"वासू? 'पोरगी फिरते रे, बदकांना पाव घालते.' दर सोमवारी तेच. तीन वर्षं! इतकी बदकं नाहीत नेकार नदीत." ते हसले, पण नजर माझ्या पर्सवर होती. "मराठीत लिहायचा लबाड. आल्झो, तर मग मला एकच पान वाचून दाखव. अठरा मार्च."

मी सावध झाले. ज्याला मुलीबद्दल विचारायचंय, त्याला एकच रविवार कशाला हवा? मी वही काढून ते पान आधी मनात वाचलं. मग जर्मनमध्ये सांगत गेले.

"'नूला खेळली. पाठीवर आठ नंबर. एकदा बॉल घेऊन थेट रेषेपलीकडे. समोर चेस्टनटच्या झाडाखाली एक माणूस. तपकिरी टोपी, डोळ्यांवर ओढलेली. त्यानं एकदाच टाळी वाजवली, मग हात खिशात घातले.'"

डोनलकाकांचा हात गुडघ्यावरच्या टोपीवर गेला.

"नाव लिहिलंय?"

"'अनोळखी इसम.'"

"पुन्हा वाच."

"'अनोळखी इसम.' एवढंच."

"वासूनं सरळ माझ्याकडे बघितलं होतं," ते हळू म्हणाले. "पन्नास पावलांवरून. दुसऱ्या दिवशी कॉफी पिताना मी मुद्दाम विचारलं, काल काय पाहिलंस? तर म्हणाला, बदकं."

सकाळी याच वहीत मी माझं नाव शोधलं होतं, ते मला आठवलं.

वही त्यांनी मागितली नाही. उठताना टोपी हातातच राहिली. दारापाशी वळून म्हणाले, "या रविवारी आहे मॅच?"

बाबांनी जूनपर्यंतच्या तारखा आधीच घालून ठेवल्या होत्या, शेजारी वेळा.

"बावीस एप्रिल. तीन वाजता."

त्यांनी मान हलवली.

थोड्या वेळानं खिडकीतून ते ट्रामच्या थांब्यावर दिसले. बाहेर भुरभुर चालू होती. थांब्यावरच्या सगळ्यांनी डोकी झाकली होती. त्यांची टोपी तशीच हातात होती.

मी वही मिटायला घेतली. बावीस एप्रिलखाली पान कोरं होतं. बाबांचं पेन अजून त्यातच अडकवलेलं होतं.