टेकलेला पाय

लिफ्टमध्ये एका वेळी एक स्ट्रेचर मावतं, नाहीतर अकरा माणसं. स्ट्रेचर आलं की अकरा जणांनी बाहेर यायचं. मग त्यात मोठा डॉक्टर असो, नाहीतर मोठ्या डॉक्टरचा सासरा.

*

गळ्याखालचं आडवं हाड मोडलं तर दीड-दोन महिन्यांत जुळतं. थोडं तिरकं जुळलं तरी शर्टाखाली कोणाला दिसत नाही.

*

"पन्नाशीत लोकांच्या बायका गुडघ्यांना तेल लावतात," नवरा शेजाऱ्यांना सांगतो. "आमची सायकलच्या साखळीला लावते."

*

टेकडीवरची वाट एका सायकलीपुरतीच असते. मागून वेगानं येणाऱ्यानं हाक द्यायची. पुढच्यानं जागा सांगायची: दगडानंतर, वळणानंतर, झाडानंतर. मागच्यानं तिथवर दम धरायचा. पुढच्यानं जमिनीला पाय टेकला, तर मात्र 'या, आत्ताच जा' असा अर्थ. हे कुठे छापलेलं नाही. पहिल्याच शर्यतीत कोणीतरी ओरडून शिकवतं.

*

'माझा वेग कमी असूनही मी शर्यतीत उतरले व त्यामुळे इतर स्पर्धकांना अडथळा झाला, याबद्दल मी दिलगीर आहे.'

खाली सहीसाठी रेघ. रेघेशेजारी पेन्सिलीची बारीक फुली.

*

"ही फुली कशाला?" तिनं विचारलं.

"सही कुठे करायची ते कळावं म्हणून," शर्यत समितीचे सचिव म्हणाले.

सायकलच्या दुकानावरची खोली. खालून पंपाचा फुसफुस आवाज येत होता. भिंतीला टायर टांगलेले, त्यांच्या रबराचा वास थेट चहात उतरलेला. सचिव पूर्वी शाळेत कवायत शिकवायचे. समोरच्याकडे अजूनही ते तो रांगेत उभा असल्यासारखंच बघत.

"बावीस वर्षं लिफ्ट चालवतेय मी दवाखान्यात. सही कुठे करतात ते कळतं."

"ताई, रागावू नका. मुलगा पडला, हाड मोडलं. त्याच्या क्लबनं तक्रार केलीय. तुम्ही एवढ्यावर सही केलीत की विषय संपला. पुढच्या महिन्यात शर्यतीला या, खुशाल या."

"आणि नाही केली तर?"

"मग नंबर देता येणार नाही."

"झालं काय ते तरी विचारा."

सचिवांनी पेन उघडलं. "सांगा."

तिनं सांगितलं. दुसरी फेरी होती. मुळांचा पट्टा, डाव्या हाताला उतार. तो मुलगा, दातांचा डॉक्टर, मागून आला, त्याची तिसरी फेरी. 'बाजू! बाजू!' असा ओरडला. ती म्हणाली, 'झाडानंतर!' झाड वीस पावलांवर. तो थांबला नाही. उजवीकडून मुळांवर चढला, पुढचं चाक घसरलं आणि तो तिच्या डोळ्यांदेखत उताराला लागला.

"मी सायकल टाकली आणि खाली उतरले. त्याची मान धरून बसले मदत येईपर्यंत. अर्धा तास. हे लिहिलंय का तक्रारीत कोणी?"

सचिवांनी पेन बंद केलं. त्यांनी काहीच लिहिलेलं नव्हतं.

"मुद्दा तो नाही ना, ताई. तुम्ही तिथे नसतात तर तो पडला असता का?"

"तो तिथे नसता तर मलाही तुमच्यासमोर यावं लागलं नसतं," ती म्हणाली. कागद मात्र तिनं घडी करून पिशवीत टाकला. फेकून द्यायला तिला आवडलं असतं, पण त्याचं उत्तर द्यायचं होतं.

*

दर शर्यतीत सगळ्यांच्या मागून एक माणूस सायकल हाकतो. कोणी मागे राहिलं, पडलं, हरवलं तर सोबत करतो, आणि शेवटच्या फेरीत, वाट दाखवायला झाडांना बांधलेल्या फिती सोडत येतो. त्याला सगळे शेपूट म्हणतात. तोही फोन उचलल्यावर 'शेपूट बोलतोय' असंच म्हणतो.

तो दवाखान्यात आला तो थेट लिफ्टमध्ये. कुठे जायचंय विचारलं तर म्हणाला, "कुठेही. तुमच्याशी बोलायचंय." मग तो तिच्याबरोबर चार वेळा वर गेला आणि चार वेळा खाली आला.

"मी साक्ष देतो. सांगतो, मी ऐकलं म्हणून. काकू 'झाडानंतर' म्हणाल्या, मी कानांनी ऐकलं."

"तू कुठे होतास तेव्हा?"

"पाण्याच्या टाकीपाशी."

"म्हणजे पाऊण किलोमीटर मागे. कान आहेत की कर्णे?"

"अहो, पण तुम्ही म्हणालाच असणार! मला माहीत नाही का तुम्ही?"

"माहीत असणं वेगळं, ऐकणं वेगळं. चल, उतर. स्ट्रेचर आलंय."

तो उतरला. दरवाजाची जाळी ओढताना तिला बरं वाटत होतं. आपण शंभर टक्के बरोबर असलो की खोट्या साक्षीची गरज नसते, असं काहीसं तेव्हा तिच्या मनात होतं.

*

दातांचा डॉक्टर आठ दिवसांनी आला. हात गळ्यात, बगलेत एक्स-रेचं पाकीट. तिशीचा असेल. तिला पाहून तो दारातच थबकला. मागून माणसांनी ढकलला, तेव्हा आत आला.

"तिसरा?" तिनं विचारलं.

"तिसरा."

दुसऱ्या मजल्यावर बाकीचे उतरले. तिनं जाळी लावली, पण बटण दाबलं नाही.

"दुखतं?"

"शिंकलो की."

"शिंकू नका मग." ती स्टुलावर बसूनच त्याच्याकडे वळली. "मी 'झाडानंतर' म्हणाले होते. तुम्हाला ऐकू आलं नव्हतं का?"

"आलं होतं ना."

"आणि तरी?"

तो तिच्याकडे बघत राहिला, जणू तीच काहीतरी विचित्र बोलत होती. "मावशी, तुम्ही पाय टेकलात."

"कोण, मी?"

"डावा. आधी 'झाडानंतर' म्हणालात, मी ब्रेक दाबला. मग तुम्ही पाय टेकलात. मला वाटलं, विचार बदलला यांनी, जा म्हणतायत. म्हणून मी सायकल मुळांवर घेतली."

वरच्या मजल्यावरून कोणीतरी घंटी वाजवत होतं. ती वाजत राहिली.

मुळांच्या पट्ट्यात तिचं मागचं चाक अडकलं होतं. दोन मुळांच्या बेचक्यात, घट्ट. सायकल कलायला लागली म्हणून तिनं पाय टेकला होता. डावाच. बुटाखाली सैल माती सरकल्याचंही आता आठवलं. इतके दिवस तिला स्वतःचा आवाज आठवत होता, पाय नव्हता आठवत.

"चाक अडकलं होतं माझं," ती म्हणाली.

"मला काय माहीत?"

"तुम्हाला कसं माहीत असणार!"

"तक्रारीत मी पायाचं सांगितलं होतं," तो जरा खालच्या आवाजात म्हणाला. "त्यांनी काय लिहिलं कोणास ठाऊक. मी तेव्हा गोळ्यांवर होतो."

तिनं बटण दाबलं. तिसऱ्यावर जाळी उघडून धरली, त्याचा हात दाराला लागू नये म्हणून स्वतः बाहेर येऊन उभी राहिली.

*

"म्हणजे चूक तुझी," नवरा म्हणाला. तो नळजोडणीचं काम करायचा, त्यामुळे गळती नेमकी कुठून ते आधी ठरवून टाकायची त्याला सवय. तिची सायकल त्यानं स्वयंपाकघरात उलटी उभी केली होती आणि ब्रेकची तार बदलत होता.

"थोडी."

"थोडी गळती असं काही नसतं. मग कर सही आणि हो मोकळी."

"आता तर नाहीच करणार."

त्यानं पाना खाली ठेवला. "अगं, तूच म्हणालीस ना पाय टेकला म्हणून?"

"टेकला. आणि टेकल्यावर 'थांबा' ओरडायला हवं होतं, तेही केलं नाही. त्याची माफी मी मागेन. शंभर वेळा मागेन. पण हे बघ काय लिहिलंय. 'वेग कमी असूनही मी शर्यतीत उतरले.' पायाचं एक अक्षर आहे का? माझ्या पायाबद्दल नाही चाललेलं हे. मी आलेच का, त्याबद्दल आहे."

"जाऊ दे ना. कागदच तो. सचिवाच्या कपाटात पडून राहील."

"बावीस वर्षं मी लोकांना सांगतेय, घाई असलेला पुढे जात नाही, स्ट्रेचर पुढे जातं. कोणी शिव्या दिल्या, कोणी वरिष्ठांकडे गेलं. मी कधी लिहून दिलं का, की मी मधे आले म्हणून?"

"तिथे तुझी नोकरी आहे. इथे काय आहे?"

उलट्या सायकलचं चाक तिनं बोटानं फिरवलं. ते बराच वेळ फिरत राहिलं.

"इथे मी स्वतःहून जाते," ती शेवटी म्हणाली.

नवऱ्यानं पाना उचलला. "पाठपोट लिही," तो तारेकडे बघत म्हणाला. "मागची बाजू कोरी आहे."

तिनं मागच्या बाजूला लिहिलं:

'मी पाय टेकला. चाक मुळांत अडकलं होतं. पाय टेकला की मागच्यानं जायचं असतं, म्हणून ते गेले. त्यांचं बरोबर होतं. मी थांबा म्हणून ओरडायला हवं होतं, ओरडले नाही. ही चूक माझी आहे आणि तिची मी माफी मागते. माझा वेग कमी आहे. ही चूक नाही. तिची माफी मागत नाही.'

खाली सही. फुलीपाशी नाही, कारण फुली पलीकडच्या बाजूला होती.

*

समितीत पाच जण होते. त्यांनी कागद वाचला, उलटा करून पुन्हा वाचला. एक जण म्हणाला, "कबूल केलं की हो बाईंनी!" दुसरा म्हणाला, "मग तर नंबर देताच येणार नाही." सचिवांनी तिला फोन करून कळवलं.

"आधीच सही केली असतीत तर आज नंबर असता हातात," ते म्हणाले. आवाजात खरंच वाईट वाटल्यासारखं काहीतरी होतं.

"असता," ती म्हणाली.

*

शर्यतीच्या सकाळी ती सायकल घेऊन टेकडीखाली उभी होती. या वेळी एकच मोठी फेरी होती. नव्वद-एक माणसं, सगळ्यांच्या सायकलींना पुढे नंबर. तिच्या सायकलला पुढे घंटी.

सचिव शिट्टी गळ्यात घालून आले. "ताई, काय हे? नंबर नाही तुम्हाला."

"म्हणून तर मागे उभी आहे."

"शर्यत चालू असताना वाटेवर—"

"टेकडीला कुलूप कधी लावलं तुम्ही? शेवटचा स्पर्धक जाईल, त्याच्या मागे शेपूट जाईल, त्याच्या मागे मी. कोणाच्या मधे येत असेन तर सांगा."

सचिवांनी मागच्या कोणावर तरी शिट्टी फुंकली.

शेपूट फिती सोडत चालला होता, त्यामुळे ती जिथे पोचे तिथे वाटेची खूण संपलेली असे. एका वळणावर तो थांबला. "काकू, या बाजूच्या ठेवू का? तुम्ही गेल्यावर काढतो."

"काढ. माझ्यासाठी काही ठेवायचं नाही."

"बरं बाई!"

मोठ्या चढणीवर एका फितीची गाठ काटेरी झुडपात अडकली. शेपूट सायकल आडवी टाकून ती सोडवत बसला आणि त्यानं तिला हातानं पुढे जायला सांगितलं. ती गेली. पुढच्या वळणावर शेवटचा स्पर्धक दिसला. पहिल्यांदाच आलेला असावा. हेल्मेट नवंकोरं, चेहरा टोमॅटोसारखा. सायकल ढकलत चालला होता आणि दर दहा पावलांवर हँडलवर डोकं टेकवून श्वास घेत होता.

ती सायकलवर होती. पायांत जोर होता. चढण तिला पाठ होती. कोणत्या दगडाच्या कोणत्या बाजूनं चाक घालायचं ते बघावंही लागत नव्हतं. तिच्या साखळीचा आवाज ऐकून त्यानं मागे पाहिलं आणि ताबडतोब झुडपात सरकला.

"या, या काकू. जा पुढे."

ती उतरली.

"अहो, जा ना!"

"तुम्ही शर्यतीत आहात. मी नाही. बिननंबरच्यानं नंबरवाल्याला ओलांडायचं नसतं."

"मला काय फरक पडतो?" तो धापा टाकत हसला.

"मला पडतो. चला तुम्ही. सावकाश चला. डावीकडच्या दगडापासून जपा, तो हलतो."

तो निघाला. दहा पावलं, मग थांबणं. दहा पावलं, मग थांबणं. ती दोन सायकलींचं अंतर ठेवून मागे सायकल ढकलत राहिली. तो थांबला की ती थांबे. माथ्यावर पोचायला त्यांना चाळीस मिनिटं लागली. तेवढ्यात शेपूटही मागून येऊन रांगेला लागला.

त्या तिघांची ती वरात खाली पोचली तेव्हा टेबलाची घडी होत होती. घड्याळ त्या माणसासाठी चालू ठेवलं होतं. तो रेघ ओलांडून गेल्यावर ते बंद केलं. मग ती आली.

त्याआधीच्या चार शर्यतींत मिळून तिनं एकालाही मागे टाकलं नव्हतं.