वाटीभर मीठ म्हणजे किती

बशी पहिली. दळलेलं बारीक मीठ. उकडलेल्या बटाट्याच्या फोडीवर चिमूटभर टाकून भिंगरीने डोळे मिटले. आगाऊ मीठ. दार न वाजवता आत शिरणारं.

बशी दुसरी. जाडं मीठ, मामांचं. दाताखाली खडा आला की कुरकुरतं, पण काम चोख.

बशी तिसरी. सैंधव. गुलाबी, नाजूक, स्वतःला फार समजणारं.

बशी चौथी. काळं मीठ. त्याला उकडलेल्या अंड्याचा वास आला, भिंगरीला हसू फुटलं आणि बशी ओट्यावरून खाली. चौथीबद्दल एवढंच.

बशी पाचवी. पातळ, पारदर्शक पापुद्रे. जिभेवर टेकतात न टेकतात तोच विरघळतात. इथे भिंगरी प्रेमात पडली.

(थांबा. हा उद्योग कशासाठी, ते आधी सांगायला हवं.)

छापखान्याच्या कँटीनमध्ये बावीस वर्षं मामांचा हात चालला. त्यांच्या टेबलांवर मिठाची डबी कधीच नव्हती. मीठ पातेल्यात पडायचं, एकदाच, वाटीभर. जेवताना कोणी मागायचं नाही आणि मागायची वेळही यायची नाही. आता मामा निवृत्त होणार होते. पळी भाची भिंगरीच्या हाती द्यावी की मेहुण्याच्या, यावर घरात आठवडाभर धुसफूस चालली होती. मेहुणा स्वयंपाक असा करायचा की जणू भिंतीला गिलावा करतोय. शेवटी मामांनी निकाल दिला: आज भिंगरीने एकटीने रांधायचं. ऐंशी कामगार जेवतील. त्यांच्यातल्या एकाने जरी मीठ मागायला हात वर केला, तरी पळी मेहुण्याची.

तर वाटाण्याचं सूप रटरटत होतं. भिंगरीने मामांची वाटी शिगोशीग पापुद्र्यांनी भरली, पातेल्यात उपडी केली आणि स्वतःभोवती एक गिरकी घेतली.

भांडी घासणाऱ्या वहिनींनी पळीभर चाखलं. वहिनींना डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगून तीन वर्षं झाली होती. त्यांना साधा पावसुद्धा खारट लागायचा. त्या म्हणाल्या,

"अळणी आहे गं."

वहिनींना अळणी! म्हणजे ऐंशी जणांना नुसतं गरम पाणी. भिंगरीने स्वतः चाखलं. खारट. पुन्हा चाखलं. खारटच. मग तिने कोरा पाव तोंडात टाकला, तर तोही खारट. सकाळपासून पाच बशा चाटून जिभेची पार वाट लागली होती. तरी हसू आवरेना.

भिंत. घड्याळ. पाऊण वाजलेला. मामांची वाटी. वाटी तीच, माप तेच, मग

(इथे वाक्य तुटलं, कारण भिंगरी पळत सुटली होती.)

छापखान्यात शाई मिसळणाऱ्या काकांकडे एक तराजू होता, ग्रॅमचाही हिशेब देणारा. तिने तो मागितला नाही, उचललाच. काका हातात निळ्या शाईचा डबा घेऊन मागे मागे आले, तराजू परत दे म्हणत. कागद टाकला, वजन पाहिलं. वाटीभर जाडं मीठ: एकशे ऐंशी ग्रॅम. वाटीभर पापुद्रे: ऐंशी. उरलेली जागा नुसत्या हवेने अडवलेली! भिंगरीने ऐंशी माणसांच्या सुपात अर्धी वाटी हवा घातली होती. हे तिने काकांना सांगितलं, वहिनींना सांगितलं, मग पातेल्यालाही सांगितलं. कमी पडलेलं शंभर ग्रॅम जाडं मीठ मोजून घातलं, ढवळलं, आणि चाखायच्या भानगडीत पडली नाही.

एक वाजला.

चमच्यांचा आवाज. पहिल्या टेबलावर हात नाही. खिळे जुळवणाऱ्यांच्या टेबलावर एक हात वर गेला. त्या हाताने मान खाजवली. पुस्तकं बांधणाऱ्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. तिसऱ्यांदा. शाईवाले काका वाडगा पावाने पुसत होते. मेहुणा दारात उभा राहून बगळ्यासारखा टपला होता. ऐंशी माणसं, एकही हात नाही.

मग कोपऱ्यातल्या टेबलावर एक हात ताठ वर गेला. मामांचा.

"मीठ आण जरा," मामा म्हणाले.

कँटीनभर चमचे थांबले. मेहुण्याने बाह्या वर केल्या. भिंगरी टेबलापाशी गेली. ओठांवर हसू नाचत होतं.

"मिळणार नाही, मामा."

"का? मला कमी लागतंय."

"तुमची जीभ म्हातारी झालीय. माझी आज बधिर आहे. म्हणून मी तोलून घातलंय. ऐंशी जणांनी वाडगे पुसले. तुमच्या एकट्यासाठी डबी ठेवायची असेल, तर तुमच्या मेहुण्यांना बोलवा."

मामांचं पोट हलायला लागलं, मग खांदे, मग टेबल. बावीस वर्षांत त्यांना कोणी नाही म्हटलं नव्हतं. डोळे पुसत त्यांनी वाडगा तोंडाला लावला आणि तळ दिसेपर्यंत सूप प्यायलं.

"कमीच आहे," ते म्हणाले, आणि गळ्यातला एप्रन काढून भाचीच्या डोक्यावर टाकला.