दातांत धरायची टॉर्च

दुकानदाराने खिशात मावतील अशा चार टॉर्च काउंटरवर मांडल्या. प्लंबरने त्यातली एक उचलली आणि सरळ दातांत धरली.

"अहो दादा, लावायची असते ती, खायची नाही!" दुकानदार हसला.

प्लंबरने ती पुसून परत ठेवली. जड होती, जबडा दुखला असता. दुसरी गुळगुळीत निघाली. तिसरी बोटाएवढी, रबर चढवलेली. ती मात्र दातांत घट्ट बसली.

"इतकी वर्षं टॉर्चशिवायच काम केलंत?"

"मोठी होती. धाकटा भाऊ धरायचा."

"मग आता?"

"महिना झाला त्याला जाऊन."

दुकानदाराने टॉर्चमध्ये सेल घातला.

त्याच दुपारी प्लंबर एका घरी ओट्याखाली शिरला. तेवीस वर्षं अशा जागी धाकटा उजेड धरायचा आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायचा. गप्पा रंगल्या की उजेड भलतीकडे जायचा. मग हा खेकसायचा, "अरे, पाइपवर धर, माझ्या टकलावर काय धरतोस!" त्यावर धाकटा मुद्दाम टकलावरच धरायचा.

नवी टॉर्च शहाणी होती. मान वळेल तिकडेच उजेड पडत होता, जरासुद्धा ढळत नव्हता. पाना फिरवता फिरवता प्लंबरला धाकट्यावर खेकसावंसं वाटलं. पण तोंडात टॉर्च होती.

काम निम्म्या वेळात झालं. तो मात्र बराच वेळ ओट्याखालून बाहेर आला नाही.