रंगवलेल्या देवांचा नैवेद्य

डॉक्टरांनी माझ्या सासऱ्यांना काहीतरी छंद लावून घ्या म्हणून सांगितलं आणि तो छंद घरात मी आणला. पुढे जे झालं त्याला मी जबाबदार नाही, हे आधीच सांगून ठेवते. कारण आमच्या घरात काहीही बिघडलं की ते सुप्रीताने ऑनलाइन मागवलेलं असतं.

सासऱ्यांचं नाव भीमाचार्य, घरात अप्पा. नावावरून कुणाला वाटेल की मठात पाठ सांगत असतील, पण त्यांचा जन्म गेला बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात बोल्ट तपासण्यात. केसभर कमीजास्त असलेला बोल्ट ते उचलून बाजूला टाकत. निवृत्त झाल्यावर मल्लेश्वरमच्या घरात तपासायला बोल्ट उरले नाहीत, तेव्हा त्यांनी जगच तपासायला घेतलं. फाटकासमोर लावलेली स्कूटर, पेपरवाल्याने घातलेली घडी, माझ्या डोशाचा आकार, सगळं नापास. नापास करता करता त्यांचा रक्तदाब चढला.

सासूबाई सत्यवती. त्यांना सगळे अक्का म्हणतात, माझा नवरा प्रणीतसुद्धा, आणि तो त्यांच्या पोटचा मुलगा आहे. अक्कांना जोगचा धबधबा बघायचा होता. लग्न झाल्यापासून बघायचा होता. बंगळूरहून सकाळी गाडीने निघालं तर संध्याकाळपर्यंत पोचता येतं, म्हणजे काही हिमालय नव्हे. पण जोग भरून वाहतो श्रावण-भाद्रपदात, आणि श्रावण-भाद्रपद म्हणजे आमच्याकडे चातुर्मास. एका महिन्यात भाजी नाही, एकात दही नाही, एकात दूध नाही, आणि प्रवास कुठल्याच महिन्यात नाही. शिवाय देवघरात शाळिग्राम. त्याची पूजा आणि नैवेद्य एक दिवसही चुकवता येत नाही, त्यामुळे या घराला कुलूप लागलेलं मी कधी पाहिलेलं नाही. माझ्या लग्नाआधी एकदा उन्हाळ्यात सगळे गेले होते तर काळा कडा दिसला आणि त्यावरून ओघळणारी बारीक धार. अक्का म्हणाल्या होत्या, "एवढं तर आमचा नळपण दाखवतो."

यंदा मात्र सगळं जुळून आलं. अक्कांची धाकटी बहीण स्मिता आणि तिचा नवरा हयवदन स्वतःच्या गाडीने जोगला निघाले होते. अप्पांचे भाऊ वादिराजकाका शाळिग्राम आपल्याकडे ठेवायला तयार झाले. प्रवासाचं प्रायश्चित्त नंतर घेऊ, असं अप्पांनीही मान्य केलं. अडलं होतं ते फक्त त्यांच्या रक्तदाबापाशी. तो उतरल्याशिवाय घाटातून जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अप्पांना मागे ठेवून जायचं हे कुणाच्या मनातही आलं नाही, अक्कांच्याही नाही. त्या माझ्याकडे आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सुप्रीता, स्वल्प काहीतरी कर गं. ह्यांना एका जागी सुम्मने, गप्प बसव."

मी मोठ्यांसाठीचं रंगवायचं पुस्तक मागवलं. वेलबुट्ट्या, मोर, फुलांची चक्रं, आणि सोबत रंगीत पेन्सिलींचा डबा. माझ्या सर्जापूर रोडच्या ऑफिसात निम्मी माणसं मीटिंग चालू असताना टेबलाखाली हेच करतात, त्यामुळे मला त्याची खात्री होती.

अप्पांनी पुस्तक उलटसुलट करून पाहिलं. "मी काय बालवाडीत आहे?"

"डॉक्टरांनी हेच पुस्तक सांगितलंय," मी खोटं सांगितलं.

पहिल्या दिवशी त्यांनी फक्त पेन्सिली तपासल्या. दुसऱ्या दिवशी भिंग घेऊन रेषा तपासल्या आणि एका मोराचं पीस दुसरीकडच्या पिसापेक्षा जाड छापलंय म्हणून कंपनीला मेल लिहायला लावली. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक पान हिरवं केलं. मग दुसरं. मग घरात जी शांतता पसरली ती आम्ही पूर्वी कधी ऐकली नव्हती. रेषेच्या बाहेर रंग जाऊ नये म्हणून ते श्वास रोखून बसत. श्वास रोखू नका, सावकाश घ्या आणि सोडा, असं मी सांगितलं, तर म्हणाले की मग त्यासोबत काहीतरी म्हणायला पाहिजे, आणि मनातल्या मनात पुरुषसूक्त म्हणू लागले. फाटकासमोर स्कूटर लागली तरी वर बघेनात. डॉक्टरांनी पट्टा बांधून फुगवला, आकडा पाहिला, पुन्हा फुगवला आणि म्हणाले, "अप्पा, मलाही पुस्तकाचं नाव द्या."

अक्कांनी बॅग काढली. तिच्यात चकल्या, चटणीपूड, मेतकूट आणि प्रणीतचा जुना रेनकोट भरला. रेनकोट गुडघ्याखाली येत होता, पण तो घालून त्या दोनदा आरशासमोर उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या. मला फार बरं वाटलं.

इथे थांबायला हवं होतं. पण पहिलं पुस्तक संपलं, आणि निघायला आठवडा बाकी होता. रिकामे अप्पा म्हणजे काय ते आम्हाला माहीत होतं. म्हणून दुसरं पुस्तक मागवलं, आणि प्रणीतने निवडलं म्हणून ते दशावतारांचं निघालं. हे प्रणीतने निवडलं होतं, हे कृपया लक्षात असू द्या.

दशावतार आल्यावर छंदाला सोवळं लागलं. अप्पा पहाटे आंघोळ करून, ओलं धोतर नेसून, पाटावर बसून रंगवू लागले. पेन्सिली धुतल्या. टोक काढायचं यंत्र धुतलं. रबर धुतलं, तेव्हा अक्का म्हणाल्या की रबराने जे पुसलं जातं ते पण धुवा, पण अप्पांना तो टोमणा कळला नाही. मी सकाळी आंघोळीआधी कॉफी पिते म्हणून सोवळ्याच्या स्वयंपाकघरात मला लग्नापासूनच बंदी आहे. आता पुस्तकाजवळही बंदी झाली. मी लांबून पाहायची. रंगवत होते मात्र सुरेख. कूर्माच्या पाठीवरचा एकेक चौकोन वेगळ्या तपकिरी रंगाचा होता.

फक्त डोळे सगळ्यांचे पांढरे होते. मूर्तिकार डोळे शेवटी उघडतो, असा नियम आहे. डोळे उघडले की देव बघायला लागतो, आणि देव बघायला लागला की तो घरातला झाला. अप्पा हा नियम पाळत होते, आणि हॉलमध्ये टेकून ठेवलेल्या पुस्तकातून कोऱ्या डोळ्यांचा वराह माझ्याकडे बघायचा, म्हणजे बघायचा नाही.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी अप्पा खुशीत होते. रक्तदाब उत्तम, शाळिग्राम वादिराजकाकांकडे पोचलेला, बॅगा दारात. हातात काळी पेन्सिल होती. त्यांनी ओळीने सगळ्यांचे डोळे उघडून टाकले. मत्स्यापासून कल्कीपर्यंत. कल्कीच्या घोड्याचेही उघडले. नरसिंहाच्या मांडीवरच्या हिरण्यकशिपूचे तेवढे कोरे ठेवले, कारण त्याला कोण जेवायला घालणार. मग पेन्सिल खाली ठेवून त्यांनी हात जोडले, थोडा वेळ तसेच बसले, आणि त्यांचा चेहरा पडला.

"प्रणीत," त्यांनी हाक मारली, "घराला कुलूप नाही लावता येणार."

प्रणीतने समजूत घालायचा प्रयत्न केला. "अप्पा, ते छापील पुस्तक आहे. मागे बारकोड आहे."

"बारकोड मागे आहे. देव पुढे आहेत."

मग त्याने ओळखीच्या आचार्यांना फोन लावला. ते म्हणाले, मंत्राशिवाय प्राणप्रतिष्ठा होत नाही, खुशाल जा. आम्ही सुटकेचा निःश्वास सोडला. अप्पांनी फोन हातात घेतला आणि विचारलं, "मी रंगवताना पूर्ण वेळ पुरुषसूक्त म्हणत होतो. चालेल?" मग आचार्य म्हणाले की त्यांना दुसरा फोन येतोय.

वादिराजकाकांकडे पुस्तक पाठवायचं ठरलं, तर काकूंनी साफ नाही म्हटलं. शाळिग्राम एक गोष्ट. हे दहा जण आणि वर घोडा. त्यातला नरसिंह उग्र, त्याला रोज गुळाचं पानक लागणार. त्यांच्याकडे गॅस संपत आला होता.

हे सगळं चालू असताना अक्का हॉलमध्ये बॅगेशेजारी बसल्या होत्या. त्यांनी रेनकोट बाहेर काढला, घडी केली, मांडीवर ठेवला. मला तर रडूच आलं. रागही आला, आणि राग कुणावर काढायचा ते कळेना, कारण अप्पा काही लबाडी करत नव्हते. ते खरोखर घाबरले होते. देवांना उपाशी ठेवून फिरायला कसं जायचं, हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"पुढच्या वर्षी जाऊ," ते अक्कांना म्हणाले. "नक्की जाऊ."

अक्कांनी मान हलवली. मग शांतपणे विचारलं, "नैवेद्य रोज लागणार का हो?"

"रोज. ताजा. सोवळ्यातला."

"कोण करणार?"

अप्पांना प्रश्नच समजला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, प्रणीतकडे पाहिलं. या घरात नैवेद्य रोज बाराच्या आत केळीच्या पानावर येतो, अप्पा त्याच्याभोवती पाणी फिरवतात आणि तुळस ठेवतात. तो कुठून येतो याची त्यांनी कधी तपासणी केली नव्हती. "कोण म्हणजे?" ते म्हणाले.

"डोळे कुणी उघडले?"

"मी."

"मग पाहुणे तुमचे झाले. तुम्ही करून वाढा." अक्का उठल्या. "तांदूळ वरच्या डब्यात. डाळ भिजवायला नको. दह्याचं व्रत आहे, म्हणजे तेवढं काम वाचलं. घोड्याला हरभरे रात्रीच भिजत घाला."

"आणि तू?"

"स्मिता आहे, हयवदन आहे. मी जाते."

सकाळी गाडी आली. अप्पांना एकटं ठेवता येईना, म्हणून प्रणीत आणि मी मागे राहिलो. अप्पा फाटकापर्यंत आले. गाडी सुरू झाली तरी त्यांना वाटत होतं की अक्का उतरतील. आम्हालाही वाटत होतं. अक्कांनी खिडकीची काच वर केली आणि आतून हात हलवला. त्यांनी रेनकोट घालूनच ठेवला होता, बाहेर लख्ख ऊन असताना.

त्या दिवशी सोवळ्याच्या स्वयंपाकघरातून जे आवाज आले ते मी उंबऱ्याबाहेर उभी राहून ऐकले. माझ्या लॅपटॉपवर मीटिंग चालू होती, आणि पलीकडच्यांनी विचारलं की घरात बांधकाम सुरू आहे का. मी बाहेरून सूचना देत होते आणि अप्पा आतून माप विचारत होते. अंदाजाने पाणी घाला, असं मी सांगितलं, तर म्हणाले, अंदाज म्हणजे किती. अंदाजाने काम करणाऱ्या माणसाला त्यांनी पीण्याच्या कारखान्यात कधी ठेवून घेतलं नव्हतं. भात खाली लागला. सारात चिंच जास्त झाली, मग ती मोडायला गूळ, मग तो मोडायला मीठ, आणि भांडं भरलं तेव्हा ते थांबले. दुपार उलटून गेल्यावर देवांची पानं मांडली गेली. अप्पांनी पाणी फिरवलं, डोळे मिटले आणि देवांची क्षमा मागितली. ती बराच वेळ मागत होते. मग आम्ही तोच प्रसाद खाल्ला. नरसिंह उग्र का आहे ते मला पहिल्या घासात कळलं.

दुसऱ्या दिवशी भात मोकळा झाला आणि बोट भाजलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी फोडणीत मोहरी तडतडेपर्यंत थांबायचं शिकून घेतलं, आणि बाहेर येऊन पंख्याखाली बसले. धोतर घामाने ओलं, कपाळावर हळद. बघण्यासारखे दिसत होते. मी पट्टा बांधून रक्तदाब मोजायला घेतला, तर त्यांनी हात मागे घेतला. "आकडा बघू नको," ते म्हणाले. "हे रोजच करायची का ती?"

"रोज."

"एकादशी सोडून."

"एकादशीला तुमची फराळाची भगर कोण करतं?" मी विचारलं.

तेवढ्यात अक्कांचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर नुसतं पांढरं दिसत होतं आणि इतका आवाज की फोन थरथरत होता. मग त्या पांढऱ्यातून अक्कांचा चेहरा आला. केस चिकटलेले, कुंकू ओघळलेलं, आणि त्या हसत होत्या. इतक्या मोठ्याने हसताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. त्या आडोशाला आल्या तेव्हा बोलणं ऐकू यायला लागलं.

"देव जेवले का?" त्यांनी विचारलं.

"जेवले," अप्पा म्हणाले. "घोडापण जेवला."

"आम्ही अजून राहतोय. स्मिता म्हणते, गोकर्ण करून येऊ. चालेल?"

"सरी, चालेल," अप्पा म्हणाले. त्यांनी भाजलेलं बोट धोतराला पुसलं आणि फोन स्वतःच्या हातात घेतला. काहीतरी विचारायचं होतं आणि ते कसं विचारतात ते त्यांना माहीत नव्हतं, असं मला वाटलं. प्रणीत दारात येऊन थांबला होता.

"सत्या," ते म्हणाले, "तू जेवलीस का गं?"

अक्कांचं हसू थांबलं. त्यांनी ओल्या हाताने तोंड पुसलं, दोनदा पुसलं. मागे पाणी कोसळतच होतं.

"जेवले हो," त्या म्हणाल्या. "गरम होतं. दुसऱ्या कुणी केलेलं होतं."