बसनेच

मंगळवारी दुपारी दातांच्या दवाखान्यातल्या स्वागताच्या टेबलावर हेलेनाचा मोबाइल थरथरला. नंबर लेकीच्या शिबिराचा होता. समोर एक आजोबा कवळीची तक्रार सांगत उभे होते. त्यांना हातानेच थांबवून ती मागच्या खोलीत पळाली.

"सेल्माला काय झालं?"

"काही नाही हो, मजेत आहे ती," ब्रूक म्हणाली. उन्हाळी शिबिराची ही प्रमुख एकवीस वर्षांची होती, आणि दिवसभर ओरडून तिचा घसा कायम बसलेला असे. "गुरुवारी मुलांना तळ्यावर नेतोय ना, त्याबद्दल बोलायचं होतं. मिळालेल्या बसला लिफ्ट नाहीये. आम्हालाही आजच कळलं. सेल्माची चाकांची खुर्ची वर चढणार नाही. म्हणून मग टॅमसिन तिच्याबरोबर इथेच थांबेल. दोघी मिळून रंगकाम करतील. पिझ्झा मागवू त्यांच्यासाठी."

"बाकीची पंचवीस मुलं तळ्यावर, आणि माझी पोरगी पिझ्झा खाणार."

"मला कळतंय तुम्हाला काय..."

"फॉर्म मी फेब्रुवारीत भरलाय. त्यात खुर्चीचं वजनसुद्धा लिहिलंय. वाचलं का कुणी?"

उत्तराची वाट न बघता हेलेनाने फोन ठेवला. बाहेर आजोबा अजून तोंडाला हात लावून उभेच होते.

सेल्मा दहा वर्षांची. जन्मल्यापासून तिचे पाय, हात आणि जीभ तिचं ऐकत नाहीत. डोकं मात्र लख्ख. बोलायला तिच्या खुर्चीपुढे चित्रांची पाटी असते. मूठ वळून ती चित्रावर आपटते, तो तिचा शब्द. शाळा सुरू असली की सगळं रांगेला लागलेलं असतं. जून संपला की शाळेची बस, मदतनीस, व्यायामाच्या बाई एकदमच थांबतात. कॅनडातलं अख्खं थंडर बे दहा महिने ज्या उन्हाळ्याची वाट बघतं, त्याची हेलेनाला मेपासूनच धडकी भरे. मागचे दोन उन्हाळे सेल्माने आजीपाशी, म्हणजे मुम्मूपाशी, घरीच टीव्हीसमोर काढले होते. यंदा कुठे शहराच्या शिबिरात जागा मिळाली होती, टॅमसिन नावाची मदतनीससुद्धा मिळाली होती. आणि तिसऱ्याच आठवड्यात हे.

संध्याकाळी हेलेनाने घरात पाऊल टाकलं तेच बोलत. "मी गुरुवारी रजा टाकते. आपल्या गाडीला रॅम्प आहे. बसच्या मागोमाग जाऊ आपण दोघी. सोपं आहे."

मुम्मू ओट्याशी पुल्ल्याच्या, म्हणजे गोड पावाच्या, कणकेची वेणी घालत होती. तिने मान वर केली नाही. "पोरीला विचारलंस?"

"त्यात विचारायचं काय?"

सेल्माची मूठ पाटीवर आदळली. नाही.

"नाही काय? तळं नको तुला?"

हो. मग मूठ सरकत सरकत पिवळ्या चित्रावर गेली. बस. पुन्हा बस. मग मुलं. मग कानाच्या चित्राशेजारच्या सुराच्या खुणेवर, तीनदा.

"बसमध्ये गाणी म्हणतात का गं?" मुम्मूने विचारलं.

सेल्मा अंगभर हसली. हात उडाला, तो दुधाच्या पेल्याला लागला.

"ऐकलंस?" मुम्मू फडकं शोधत म्हणाली. "तुझ्या गाडीतून तळ्यावर तर आपण दर रविवारी नेतोच तिला. त्यात काय नवल!"

"मग मी काय बस विकत आणू?"

"ते मला नको विचारू. मला गाडीसुद्धा चालवता येत नाही."

बुधवारी हेलेनाने दवाखान्याच्या फोनवरून दवाखान्याचं सोडून सगळं केलं. शाळेच्या बसवाल्यांकडे लिफ्टच्या चार गाड्या होत्या. "सुट्टीत बंद असतात," तिथली बाई म्हणाली. शहराच्या कार्यालयातून सांगण्यात आलं की बाहेरची गाडी लावायची तर साहेबांची सही लागते, आणि साहेब सुट्टीवर. दुसरे साहेब बैठकीत. हेलेना खुर्चीवरून उठे, खिडकीपर्यंत जाई, परत बसे. दोन वेळा तिने पेशंटना चुकीची तारीख दिली.

शेवटी तिने वांडाला फोन लावला. सेल्माला पाच वर्षं शाळेत नेणारी ही बसचालक त्या वेळी आपल्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, भिंतीला रंग देत होती.

"अगं, गाड्या आमच्या आवारात उन्हात भाजतायत नुसत्या!" वांडा ओरडली. "तू सही आण. मी रंगाच्या कपड्यांतच येते."

आता उरली ब्रूक. हेलेनाने भांडायची तयारी करूनच फोन केला. वाक्यंसुद्धा कागदावर लिहून घेतली होती. पण ब्रूकने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "बैठकवाल्या साहेबांचं कार्यालय कुठल्या मजल्यावर आहे? मी जाऊन दारात बसते." हेलेनाने तो कागद चुरगळून टाकला. तिला जरा ओशाळल्यासारखं झालं.

संध्याकाळपर्यंत मात्र कुणाचाच फोन आला नाही.

गुरुवारी साडेआठला बस सुटायची होती. मैदानाच्या कडेला मोठी बस घरघरत उभी, मुलं गळ्यात टॉवेल अडकवून रांगेत. सेल्मा डोळ्यांवर टोपी घेऊन खुर्चीत ताठ बसलेली. रांगेपासून चार हात लांब.

"सही मिळाली हो," ब्रूक धावत येऊन म्हणाली. "काल सहाला. वांडाला कळवलं, पण तुम्हाला फोन करायच्या आतच माझी बॅटरी..." आणि ती तशीच परत पळाली.

पावणेनऊ झाले. नऊ वाजले. वांडाचा पत्ता नाही, फोन उचलत नव्हती. मोठ्या बसच्या चालकाने भोंगा वाजवला. "मला दुपारी दुसरी फेरी आहे बाई!"

"दहा मिनिटं," ब्रूक म्हणाली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. दहा मिनिटांनी परत तेच म्हणाली. मुलं गवतात लोळायला लागली. एक मुलगा म्हणाला, "तिच्यामुळे थांबलोय आपण," आणि ते सेल्माने ऐकलं, हे हेलेनाने पाहिलं. पळत जाऊन गाडीचा रॅम्प खाली टाकावा, पोरीला आत घ्यावं आणि घरी निघून जावं, असं तिला वाटलं. किल्ली हातात आलीसुद्धा होती.

तेवढ्यात कोपऱ्यावरून छोटी पिवळी बस आली. वांडा खिडकीतूनच शिव्या घालत होती. "फाटकाला कुलूप! किल्लीवाला झोपलेला! उठवला जाऊन त्याला."

लिफ्ट कुरकुरत खाली आली, आणि सेल्मा एकेक वीत वर जाऊ लागली तशी गवतातली मुलं उठून धावली. छोट्या बसमध्ये खुर्चीखेरीज दहाच जागा होत्या. "मी! मी आधी म्हटलं होतं!" मघाचा मुलगा सगळ्यांत पुढे होता.

हेलेना आत चढली. खुर्चीचे चारही पट्टे तिने ओढून पाहिले. टॅमसिनने ते आधीच घट्ट केले होते.

"मी मागच्या सीटवर बसते," हेलेना म्हणाली. "तुमच्यात लुडबुड करणार नाही."

मूठ आपटली. नाही.

"सेल्मा, नुसती बसते गं."

नाही. नाही.

ती उतरली. बस वळली, खिडक्यांतून आरडाओरडा ऐकू आला. रजेचा अख्खा दिवस हेलेनाच्या हातात रिकामा राहिला. ती गाडीत बसली आणि बसच्या मागे निघाली. हमरस्त्यावर पेट्रोलपंपाशी तिने पर्शियन नावाचा इथला गोड पाव घेतला, त्यावरच्या गुलाबी साखरेत बोट बुडवलं आणि तो तसाच कागदात गुंडाळून ठेवला. तिथून ती परत फिरली. घरी येऊन कपाटं आवरली, मसाल्यांच्या बरण्या धुतल्या, गाडी धुतली. बाराला फोन पाहिला, साडेबाराला पाहिला.

"बस की जरा खाली," मुम्मू म्हणाली. "जमीन तापलीय का?"

"फोन का येत नाही?"

"फोन आला की तरी खूश होतेस का तू?"

सव्वाचारला बस परत आली; हेलेना कधीची मैदानाच्या कडेला थांबली होती. लिफ्टवरून सेल्मा उतरली तेव्हा नाक उन्हाने सोललेलं, केसांत तळ्यातलं गवत आणि एका पायात बूट नव्हता. हेलेना काही विचारणार तोच एक लालकेसी मुलगी मधे घुसली. "सेल्माने ब्रूकला पाण्यात पाडलं! पाटीवर 'मदत' म्हणाली, ब्रूक वाकली, आणि हिने हात असा फिरवला! आणि ब्रूक परत फसली! दोनदा!"

मागून ब्रूक ओल्या कपड्यांत आली. "मुद्दाम केलंन, बरं का," ती म्हणाली, आणि खोकत हसली.

टॅमसिनने हेलेनाला बाजूला घेतलं. "एक सांगते. जेवणानंतर ती रडली. वीसेक मिनिटं. डास खूप होते, बहुतेक दमलीही होती. मी तुम्हाला फोन लावत होते. ती नको म्हणाली. तीन वेळा विचारलं मी."

"बरं," हेलेना म्हणाली.

घरी मुम्मूने पोरीच्या अंगावरच्या डासांच्या गांधी मोजल्या आणि मलम लावलं. हेलेना गुडघ्यांवर बसून केसांतलं गवत काढत होती. "काय काय केलंस? कोणती गाणी म्हटलीत? रडलीस का गं?" तिने पाटी पुढे केली.

सेल्माने पाटीकडे पाहिलं. मग मनगटाने ती हळूच बाजूला सारली आणि डोळे मिटले. ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, ते आईसाठी नव्हतं.

"सांगत का नाही ही?" हेलेना स्वयंपाकघरात येऊन म्हणाली. "दिवसभर मी इथे..."

"दहा वर्षांची असताना तू तरी मला काय सांगायचीस?" मुम्मूने कॉफी ओतली. "कोपर फोडून यायचीस आणि काही नाही म्हणायचीस."

हेलेना बसली, उठली, परत बसली. ऑगस्टच्या नऊ तारखेला मुलं किल्ला बघायला जाणार होती. तिने लॅपटॉप उघडला आणि बसवाल्यांचा मागणीअर्ज भरायला घेतला: लिफ्टची गाडी, चालक वांडा, फाटकाची किल्ली आदल्या दिवशी. खाली पालकांपैकी कोण सोबत येणार, असा रकाना होता. तिने तिथे आपलं नाव टाकलं. थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली, मग ते एकेक अक्षर करून पुसलं.